स्कूल डिस्ट्रिक्टकडे पैसे नसताना शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीतील तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पात तूट दाखवून शिक्षकांची काही पदे कमी करण्याचा प्रस्ताव ठेवला, त्याच बैठकीत चार शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजनाही मांडली, आणि आता पालकांनी या योजनेला विरोध करावा का, असे तुम्ही विचारत आहात.

मी या राज्यात बावीस वर्षे राहत आहे. व्यवसायाने लेखापाल आहे आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या नागरिक सल्लागार समितीवर सहा वर्षे काम करताना अर्थसंकल्पाची कागदपत्रे ओळ न ओळ वाचली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की सरसकट विरोध करू नका. मात्र करार हातात घेऊन वाचल्याशिवाय पाठिंबाही देऊ नका. शिक्षक की सौर पॅनेल, अशी निवड प्रत्यक्षात तुमच्यापुढे बहुधा नाहीच. पॅनेलची मालकी कोणाकडे राहणार आणि विजेचा दर पुढील पंधरा वर्षे कसा वाढत जाणार, हे पाहावे लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांचा गोंधळ पैसे कोणत्या खात्यातून येतात याविषयी होतो. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार शासनाच्या वेतन अनुदानातून होतात आणि विजेचे बिल वेतनेतर अनुदानातून किंवा संस्थेच्या खर्चातून भरले जाते. तिथे विजेचे बिल कमी झाले म्हणून एखाद्या शिक्षकाची नेमणूक होत नाही. इथे तसे नाही. इथे स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते, तिच्या खर्चाचा मोठा भाग गावातील घरमालकांच्या मालमत्ता करातून येतो, आणि शिक्षकांचे पगार, आरोग्यविमा, शाळेच्या बस व विजेचे बिल हे सर्व एकाच चालू खर्चाच्या खात्यातून जाते. म्हणून विजेवर वाचलेला प्रत्येक डॉलर खरोखरच वर्गापर्यंत पोहोचू शकतो. पॅनेल बसवण्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा या खात्यातून होतच नाही. हा भाग बैठकीत नीट समजावून सांगितला जात नाही आणि मग पालकांना वाटते की आपल्या मुलांच्या संगीत शिक्षकाचा पगार काढून छपरावर काचा बसवल्या जात आहेत.

तुटीची कारणेही पाहिली पाहिजेत, कारण ती सौर योजनेच्या कितीतरी आधीची आहेत. २०१० मध्ये झालेल्या कायद्याने न्यू जर्सीत मालमत्ता कराच्या एकूण आकारणीत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करण्यावर मर्यादा आली. आरोग्यविम्यासारख्या थोड्या बाबींना त्यातून सवलत आहे. पण विम्याचे हप्ते, विशेष शिक्षणाचा खर्च आणि बसचे कंत्राट हे सगळे २ टक्क्यांच्या शिस्तीत वाढत नाही. त्यात २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीचे सूत्र टप्प्याटप्प्याने बदलले आणि अनेक डिस्ट्रिक्टची मदत वर्षानुवर्षे घटत गेली. करोनाच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने तीन कायद्यांद्वारे देशभरातील शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले होते. त्यातील शेवटच्या हप्त्याचा पैसा कशासाठी वापरायचा ते ठरवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली, आणि ज्या डिस्ट्रिक्टनी त्या पैशांतून कायमस्वरूपी पदे भरली होती त्यांच्यापुढे त्या पदांचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न उभा राहिला.

विजेचा खर्चही स्थिर राहिलेला नाही. आपले राज्य ज्या ग्रिडवर आहे त्याचे नाव पीजेएम. तेरा राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी त्यात येतात. गरजेच्या वेळी वीज उपलब्ध राहावी म्हणून हे ग्रिड वीजकेंद्रांना जे पैसे मोजते, त्याचा दर लिलावाने ठरतो. जून २०२५ पासूनच्या वर्षासाठी तो दर मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला आणि त्यापुढील वर्षासाठी ३२९.१७ डॉलर ठरला. तुमच्या घरच्या बिलात २०२५ च्या उन्हाळ्यात जी वाढ दिसली तिचे हे मोठे कारण होते, आणि त्याची झळ शाळांनाही लागते. अशा वेळी डिस्ट्रिक्टने विजेच्या काही भागाचा दर पंधरा वर्षांसाठी बांधून घेण्याचा विचार केला, तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही.

आता योजनेचे स्वरूप. पॅनेल बसवण्याचे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिल्यात डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढून पॅनेल स्वतः विकत घेते, आणि त्यासाठी सहसा मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. दुसऱ्यात ऊर्जाबचतीची कामे आधी केली जातात आणि होणाऱ्या बचतीतूनच त्यांचे हप्ते फेडले जातात. न्यू जर्सीत २००९ च्या कायद्याने ही सोय केली आहे. तिसरा आणि सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे वीज खरेदी करार. त्यात एक खासगी कंपनी स्वतःच्या खर्चाने शाळेच्या छपरावर पॅनेल बसवते, मालकी व देखभाल तिचीच राहते, आणि डिस्ट्रिक्ट फक्त तयार झालेली वीज ठरलेल्या दराने विकत घेते. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कागदात ‘भांडवली खर्च शून्य’ असे शब्द असतील, तर योजना बहुधा या तिसऱ्या प्रकारची आहे आणि पॅनेलसाठी शिक्षकांच्या पगारातून एक डॉलरही जात नाही.

तरीही बचत किती होईल याची अपेक्षा बेताचीच ठेवा. एक साधे गणित मांडतो. न्यू जर्सीत एक किलोवॉट क्षमतेचे पॅनेल वर्षाला ढोबळमानाने १,२०० युनिट वीज देते. एका शाळेवर ५०० किलोवॉट बसवले, तर वर्षाला सहा लाख युनिट झाले. समजा आज टाळता येणारा दर युनिटला १४ सेंट आहे आणि कराराचा दर ८ सेंट आहे, तर युनिटमागे ६ सेंट, म्हणजे वर्षाला ३६,००० डॉलर वाचले. चार शाळांचे मिळून सुमारे १,४४,००० डॉलर झाले. पगार आणि विमा धरून एका शिक्षकाचा खर्च एक लाख डॉलरच्या घरात जातो, हे लक्षात घेतले तर चार शाळांच्या छपरांतून साधारण एका शिक्षकाचे पद वाचते. मला ते पद मोलाचे वाटते आणि ते वाचावे यासाठी मी बोलेन; पण वीस लाख डॉलरची तूट सौर ऊर्जेने भरून निघेल असे जर कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही.

मी वरच्या गणितात ‘टाळता येणारा दर’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. पॅनेलमुळे बिलाचा जो भाग खरोखर कमी होतो, तेवढ्याचाच हा दर. आमच्या समितीसमोर आलेल्या पहिल्या प्रस्तावात कंपनीने शाळेचे वर्षाचे एकूण बिल घेतले, त्याला एकूण युनिटने भागले आणि जो दर आला त्याच्याशी आपल्या दराची तुलना केली होती. आकडे छान दिसत होते. मी त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर सप्टेंबर महिन्याचे बिल पसरून बसलो. महावितरणच्या मोठ्या ग्राहकांच्या बिलात जसा वीज आकार, वहन आकार आणि मागणी आकार (महिन्यात एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक विजेवर लागणारा) वेगवेगळा छापलेला असतो, तसेच इथल्या शाळेच्या बिलातही असते. त्या महिन्यात शाळेची सर्वोच्च मागणी एका उकाड्याच्या दिवशी नोंदली गेली होती: वातानुकूलन पूर्ण जोरात, आणि संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागलेले. दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळतीला असतो. त्या मागणी आकारावर पॅनेलचा फारसा परिणाम होत नाही, आणि बिलाचा जवळजवळ चौथा हिस्सा तोच होता. तो भाग वजा केल्यावर कंपनीने दाखवलेली बचत बरीच खाली आली.

त्याच प्रस्तावात दुसरी एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही आणि त्याची खंत मला आजही आहे. कराराचा दर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणार होता. पहिल्या वर्षीचा ८ सेंटचा दर पंधराव्या वर्षी १२ सेंटच्या वर जातो. वाढ २ टक्के असती तर तो साडेदहा सेंटच्या आसपास राहिला असता, आणि वाढच नसती तर ८ सेंटच. हा फरक पहिल्या पानावरील तक्त्यात दिसत नव्हता, कारण तक्त्यात बाजारातील वीज वर्षाला ४ टक्क्यांनी महाग होईल असे गृहीत धरलेले होते. करार मंजूर झाला. नंतरची काही वर्षे विजेचे दर फारसे वाढले नाहीत आणि आमच्या एका शाळेत सौर वीज ग्रिडच्या विजेइतकीच महाग पडू लागली. आज दर वाढल्यामुळे पुन्हा बचत दिसते आहे. पण मधली वर्षे आम्ही केवळ एक ओळ नीट न वाचल्यामुळे गमावली.

शाळा उन्हाळ्यात बंद असते, मग जुलैच्या कडक उन्हातील वीज वाया जात नाही का, हा प्रश्नही तुम्हाला ऐकू येईल. न्यू जर्सीत नेट मीटरिंगमुळे जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि तिचे युनिट पुढील महिन्यांच्या बिलात पूर्ण दराने वळते केले जातात. वर्षअखेरीस जे शिल्लक राहतील त्यांचा मोबदला मात्र घाऊक दराने, म्हणजे बराच कमी मिळतो. म्हणून शाळेच्या वार्षिक वापरापेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात डिस्ट्रिक्टचे हित नसते. याशिवाय सौर विजेच्या प्रत्येक मेगावॉट-तासामागे, म्हणजे हजार युनिटमागे, राज्याकडून पंधरा वर्षे प्रोत्साहनपर रक्कम मिळते आणि सार्वजनिक संस्थांच्या इमारतींसाठी ती २० डॉलरने अधिक असते. वीज खरेदी करारात ही रक्कम सहसा कंपनीकडे जाते. त्यात काही गैर नाही, मात्र तिच्या बदल्यात आपला दर किती कमी झाला हे डिस्ट्रिक्टने विचारले पाहिजे.

आर्कान्सा राज्यातील बेट्सविल स्कूल डिस्ट्रिक्टचे उदाहरण तुमच्यापुढे नक्की ठेवले जाईल, कारण ते गाजलेले आहे. तिथे २०१७ च्या सुमारास वीज आणि इतर सेवांचे वार्षिक बिल सहा लाख डॉलरच्या पुढे गेले होते. त्यांनी हायस्कूलच्या जागेत १,४०० हून अधिक पॅनेल बसवली आणि तीन वर्षांत अडीच लाख डॉलरच्या तुटीची १८ लाख डॉलरची शिल्लक झाली, ज्यातून शिक्षकांचे पगार वाढवण्यात आले. हे खरे आहे आणि मला त्या डिस्ट्रिक्टचे मनापासून कौतुक वाटते. पण त्यांनी सुरुवात ऊर्जेच्या लेखापरीक्षणापासून, म्हणजे कुठे किती ऊर्जा खर्च होते याच्या तपासणीपासून केली आणि पॅनेलबरोबरच सर्व इमारतींतील दिवे, खिडक्या, तापवण्याची व थंड करण्याची यंत्रणा बदलली, हा भाग सांगताना गाळला जातो. जी वीज लागतच नाही तिच्याइतकी स्वस्त वीज दुसरी नाही. न्यू जर्सीत राज्याच्या कार्यक्रमातून शाळांना असे लेखापरीक्षण विनामूल्य करून मिळते. तुमच्या डिस्ट्रिक्टने ते कधी केले आहे का, हे अवश्य विचारा.

घाई कशासाठी, असाही आक्षेप घेतला जाईल. त्याचे कारण केंद्राच्या कायद्यात आहे. २०२२ च्या कायद्याने प्रथमच शाळांसारख्या करमुक्त संस्थांना सौर प्रकल्पावरील कर-सवलत थेट रोख स्वरूपात मिळू लागली. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या नव्या कायद्याने तिची मुदत आखडली: प्रकल्पाचे काम ४ जुलै २०२६ पर्यंत सुरू झाले नसेल, तर तो २०२७ अखेर कार्यान्वित व्हावा लागतो. शिवाय २०२५ नंतर काम सुरू होणाऱ्या प्रकल्पांना चीनसारख्या देशांतील सामग्रीविषयीच्या अटी लागू होतात. तुमचा प्रकल्प यांपैकी कोणत्या मुदतीत बसतो, आणि सवलत हुकली तर कराराचा दर वाढवण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे का, हे लेखी मागा.

छताविषयीही बोलायला हवे. आमच्याकडे एका शाळेवर सोळा वर्षे जुन्या रबरी छतावर पॅनेल बसवली गेली. रविवारी आमची मराठी शाळा त्याच इमारतीत भाड्याने भरते, आणि तिसऱ्या वर्षी पावसाळी सकाळी मुले बाराखडी गिरवत असताना वर्गाच्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागली. छत बदलायचे तर आधी पॅनेल उतरवायची आणि पुन्हा चढवायची, त्याचा खर्च कोणाचा यावर डिस्ट्रिक्ट आणि कंपनी यांच्यात वर्षभर पत्रव्यवहार चालला. त्यामुळे ज्या छताचे आयुष्य करारापेक्षा कमी उरले आहे, त्यावर पॅनेल बसवायला मी स्पष्ट विरोध करेन.

अर्थसंकल्पाचा मसुदा मार्चमध्ये येतो आणि जाहीर सुनावणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीस होते. त्याआधी बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरना, म्हणजे डिस्ट्रिक्टचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, पत्र लिहून प्रत्येक शाळेची मागील बारा महिन्यांची बिले, कराराचा मसुदा आणि छपरांचे वय मागा. हे सर्व सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि माहितीच्या अधिकाराखाली ते मिळतात. सुनावणीत प्रत्येकाला सहसा तीनच मिनिटे दिली जातात, म्हणून दोन-तीन पालकांनी प्रश्न वाटून घ्या. बिले हातात आल्यावर मागणी आकाराची ओळ कुठे शोधायची यात अडचण वाटली तर इथेच कळवा, मी पाहून सांगेन.