'अमू दर्या' वाहतो की वाहते?

प्रश्न असा आहे की, मध्य आशियाविषयीच्या मराठी मजकुरात एकाच नदीचे नाव कुठे 'अमू दर्या', कुठे 'अमू दऱ्या', तर कुठे 'अमू दर्या नदी' असे छापलेले आढळते. यांपैकी योग्य रूप कोणते, आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र असताना तो शब्द नदीच्या नावात कसा आला?

लेखनाचा भाग लवकर आटोपता येतो. 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन असून त्यात 'द'वर आघात येत नाही, तर 'दर्या'त तो स्पष्ट येतो. म्हणून येथे रफारच हवा. ही नदी पामीरच्या दऱ्यांतूनच खाली उतरत असल्यामुळे चुकीचे रूपही अर्थपूर्ण वाटते, एवढीच त्यातली गंमत.

अर्थाचा भाग अधिक रोचक आहे. प्राचीन फारसीत 'द्रयह्' म्हणजे समुद्र. अवेस्तेतील 'झ्रयह्' आणि वैदिक 'ज्रयस्', म्हणजे विस्तार, हे त्याचेच सगोत्र शब्द. इराणच्या फारसीत आजही दर्या म्हणजे समुद्रच. अफगाणिस्तानातील दरी भाषेत आणि ताजिकमध्ये मात्र तोच शब्द मोठ्या नदीला लावतात, आणि ताजिक व उझबेक उच्चारात तो 'दर्यो' असा ऐकू येतो. हिंदी-उर्दूतला 'दरिया' नदीच्या बाजूचा, तर गुजराती 'दरियो' आणि आपले 'दर्यावर्दी', 'दर्यासारंग' हे शब्द समुद्राच्या बाजूचे. 'दर्या में खसखस' या म्हणीत कोणताही अर्थ घेतला तरी खसखशीच्या नशिबात फरक पडत नाही, हे वेगळे. एका शब्दाने नदी आणि समुद्र दोन्ही दाखवणे आपल्यालाही नवे नाही. संस्कृतातील 'सिंधु' हेच करतो.

नावाचा पूर्वार्ध आमूल या जुन्या शहरावरून, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानातील तुर्कमेनाबादवरून आल्याचे मानतात. ग्रीकांनी या नदीला ऑक्सस म्हटले, अरबांनी जैहून, आणि संस्कृत ग्रंथांतील वक्षु किंवा वंक्षु ती हीच, असे बहुतेक अभ्यासक धरतात.

डोंगरातील प्रवाहांना मात्र तेथील लोक सहसा साधी, पाण्यावरून पडलेली नावे देतात. किर्गिझस्तानात उगम पावणारी किझिल-सू, म्हणजे तुर्की बोलीतले लाल पाणी, ताजिकिस्तानात शिरल्यावर सुरखोब होते, म्हणजे फारसीतले लाल पाणी, आणि पुढे वख्श म्हणून वाहते. दुसरा मोठा प्रवाह पंज, म्हणजे आपल्या पंजाबातलाच 'पाच'. तो ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान यांची सीमा आखत येतो. या दोघांच्या संगमापासून अमू दर्या हे नाव सुरू होते. संगमापासून तिची लांबी सुमारे १,४१५ किलोमीटर आहे, आणि पंज व तिचा वरचा प्रवाह धरला तर ती २,५०० किलोमीटरच्या पुढे जाते. लांबीचे आकडे ठिकठिकाणी वेगळे दिसतात, त्याचे मुख्य कारण हेच, की कोण कुठून मोजतो हे सांगितलेले नसते.

हिचे पाणी बर्फ आणि हिमनद्या वितळून येते, त्यामुळे पूर उन्हाळ्यात येतो. उझबेकिस्तानच्या दक्षिण सीमेवरील तेर्मेझ शहराच्या पुढे, काराकुम म्हणजे काळी वाळू आणि किझिलकुम म्हणजे लाल वाळू या दोन वाळवंटांच्या मधून जाताना, तिला एकही उपनदी मिळत नाही; पूर्वेकडून येणारी झरफशान तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाळूत आणि कालव्यांत संपते. म्हणजे या टप्प्यात नदी फक्त देत जाते. शिवाय ती प्रचंड गाळ वाहते आणि मऊ काठ इतक्या झपाट्याने कापते की, त्या कापण्याला तेथे 'देगिश' असा खास शब्द आहे. तुर्तकूल हे काराकल्पाकस्तानच्या, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातील स्वायत्त प्रजासत्ताकाच्या, तेव्हाच्या राजधानीचे शहर नदीने असेच कुरतडत नेले, म्हणून १९३० च्या दशकात राजधानी नुकुसला हलवावी लागली.

शब्दाची काटेकोर निवड खरी महत्त्वाची ठरते ती पुढे, कारण या नदीच्या कथेत एक समुद्रही आहे. अमू दर्या ज्याला जाऊन मिळत असे, ते अरल हे वस्तुतः खारे सरोवर, पण त्याला उझबेकमध्ये 'ओरोल देंगिझी', म्हणजे बेटांचा समुद्र, म्हणतात. कापसाच्या शेतीसाठी सोव्हिएत काळात पाणी वळवले गेले. १९५४ मध्ये सुरू झालेला काराकुम कालवा १,३०० किलोमीटरहून लांब झाला, आणि १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर असलेल्या अरलचा २०१४ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडील पूर्व भाग पूर्णपणे कोरडा पडला. अशा मजकुरात नुसते 'दर्या आटला' असे लिहिले, तर मराठी वाचक समुद्र समजणार, आणि नदी आधी अडवली गेली म्हणून समुद्र आटला, हा कार्यकारणभावच हरवणार. अफगाणिस्तानात याच नदीचे पाणी वळवण्यासाठी २०२२ पासून खोदल्या जाणाऱ्या कोश तेपा कालव्याच्या बातम्यांतही हाच घोटाळा संभवतो.

म्हणून माझे मत असे: पहिल्या उल्लेखात 'अमू दर्या ही नदी' असे लिहावे आणि पुढे नुसते 'अमू दर्या'. 'अमू दर्या नदी' यात द्विरुक्ती असली तरी ती मूळ भाषा जाणणाऱ्यालाच खुपते, मराठी वाचकाला ती मदतच करते. तिला चूक ठरवण्याचा सोवळेपणा मला पटत नाही. लिंगाचे म्हणाल तर दर्या हा शब्द पुल्लिंगी आहे, पण नाईल, ॲमेझॉन यांप्रमाणे परक्या नद्यांची नावे आपण 'नदी'च्या लिंगानेच चालवतो, म्हणून 'अमू दर्या वाहते' हेच स्वाभाविक. एकट्या 'दर्या' या शब्दाने तिचा निर्देश मात्र टाळावा.

हाच नियम सिर दर्या, सुरखान दर्या आणि काश्का दर्या यांनाही लावता येईल, पण या तिन्ही नावांचे प्रांतही उझबेकिस्तानात आहेत. तेथे 'नदी' किंवा 'प्रांत' हा शब्द जोडल्यावाचून भागत नाही.