अल्फा उणे आला, आता विषय बदलायचा का?

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आणि झोप उडालेली. "मॅडम, एवढ्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि क्रॉनबाख अल्फा उणे आला. डेटा वाया गेला का? विषय बदलू?"

ही धास्ती दर वर्षी कुणाला ना कुणाला असतेच. क्रॉनबाख अल्फा म्हणजे मापनीतली, म्हणजे प्रश्नावलीतली, विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो उणे आला की पहिला संशय मापनीवर नाही, गुणांकनावर घ्यावा. तिने वापरली होती रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनी (१९६५). विधानं १०, गुण १ ते ४. प्रचलित मांडणीत २, ५, ६, ८ आणि ९ ही विधानं नकारार्थी आहेत आणि त्यांचे गुण उलटे धरायचे असतात. तिने ते उलटवलेच नव्हते.

कागदावर दोन काल्पनिक मुली मांडल्या. आत्मसन्मान भरपूर असलेली: होकारार्थी पाच विधानांना ४, नकारार्थी पाचांना १. बेरीज २५. दुसरी स्वतःला अगदीच कमी लेखणारी: तिचे गुण नेमके उलट, बेरीज पुन्हा २५! प्रबंधात आत्मसन्मानाचा परीक्षेच्या चिंतेशी सहसंबंध शून्याजवळ का आला, हे विद्यार्थिनीला तिथेच उमगलं. गुण उलटवल्यावर याच दोघी ४० आणि १० वर जातात.

सूत्र सोपं आहे: नवा गुण = ५ वजा जुना गुण. मापन ० ते ३ असेल तर ३ वजा जुना. आधी प्रत्येक विधानाचा किमान-कमाल आकडा बघायचा. घाईत ४ च्या जागी ४४ टाइप झाला असेल, तर उलटवल्यावर उणे ३९ होतो. नवे गुण वेगळ्या रकान्यात ठेवायचे. त्याच रकान्यावर उलटवण्याची आज्ञा संगणकात दोनदा चालली की सगळं मूळपदावर येतं आणि पत्ताही लागत नाही.

गुण उलटवल्यावर तिचा अल्फा ०.७० च्या वर गेला. आठव्या विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध मात्र क्षीणच राहिला. हे विधान अनेक भाषांतरांत त्रास देतं, कारण स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा ही इच्छा आत्मसन्मान चांगला असलेल्यालाही असू शकते. "मग काढून टाकू?" अल्फा फुगवण्यासाठी प्रमाणित मापनीतलं विधान गुपचूप गाळणं मला पटत नाही, इतरांच्या निष्कर्षांशी तुलनाच तुटते. दहाही विधानं ठेवून निष्कर्ष मांडायचे, आठवं वगळून येणारा अल्फा तक्त्याखाली नोंदवायचा, असं ठरलं.