लीप वर्ष कसं ओळखायचं? २१०० लीप असेल का?

२१०० लीप नसेल. एरवी सालाला ४ ने निःशेष भाग गेला की लीप वर्ष. त्यासाठी अख्खा आकडा भागत बसू नका, शेवटचे दोन अंक पुरे. २०२८ मधल्या २८ ला भाग जातो, झालं काम.

गोची होते ती शतकी सालांत. शेवटी दोन शून्यं असली तर ४०० ने भाग गेला पाहिजे. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. कारण सौर वर्ष बरोबर ३६५.२५ दिवसांचं नसतं, साधारण ३६५.२४२२ चं असतं. दर चौथ्या वर्षी डोळे झाकून दिवस वाढवला, तर वर्षाला सुमारे ११ मिनिटं जास्तीची धरली जातात. क्षुल्लक वाटतं ना? पण ही मिनिटं शतकानुशतकं साचत गेली आणि ती चूक सुधारायला मधले दिवस गाळावे लागले, म्हणून १५८२ साली रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला!