ट्रायग्लिसराइड 850 असताना एलडीएल 60 आलं, तर त्यावर विसंबू नका

तुमचा प्रश्न असा: वडिलांना मधुमेह आहे, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 850, एकूण कोलेस्टेरॉल 260, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) 30 आणि रिपोर्टवर एलडीएलची ('वाईट' कोलेस्टेरॉलची) जागा कोरी. घरी सूत्राने काढलं तर 60 येतं, मग ते चांगलंच ना? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि कळकळीने सांगते, तो 60 खरा धरू नका.

तुम्ही वापरलंय ते 1972 चं फ्रीडवाल्ड सूत्र. त्यात ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा, म्हणजे इथे 170, व्हीएलडीएल, म्हणजे लिव्हरमधून चरबी वाहून नेणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल म्हणून वजा होतो. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हा हिशोब कोलमडतो, कारण हे कणच बदललेले असतात. लॅबने जागा कोरी सोडली ते योग्यच केलं.

इन्सुलिन नीट काम करत नसलं की चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सुटतात, लिव्हरकडे जातात आणि लिव्हर ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेले मोठाले व्हीएलडीएल कण सोडत राहतं. त्यांतली चरबी काढून घेणारं लायपोप्रोटीन लायपेजही इन्सुलिनवाचून मंदावतं. मग हे कण रक्तात रेंगाळतात, आपलं ट्रायग्लिसराइड एलडीएल-एचडीएलला देतात आणि त्यांचं कोलेस्टेरॉल घेतात. अशाने एलडीएल बारीक, घट्ट होतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतं. एचडीएलही लहान होऊन लवकर नाहीसं होतं. वडिलांचं 30 बहुधा त्यामुळेच. असा नमुना सेंट्रीफ्यूजमधून काढला की सीरम (रक्ताचा पेशी काढलेला द्रव भाग) दुधासारखा दिसतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर कायलोमायक्रॉनची (जेवणातली चरबी वाहणाऱ्या कणांची) साय वर धरते, आणि व्हीएलडीएलमुळे खालचा भाग तरीही गढूळच राहतो.

तेव्हा पाहायचं ते नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकीचं कोलेस्टेरॉल: 260 वजा 30, म्हणजे 230. हे जास्तच आहे. जमलं तर अपोबी या प्रथिनाची तपासणी करून घ्या. धमन्यांना त्रास देणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे कणांची संख्याच कळते.

साखर आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइड बरंच उतरतं. थायरॉइड, किडनी, दारू, स्टेरॉइड यांबद्दलही डॉक्टरांशी बोला. औषध कोणतं, ते त्यांनाच ठरवू द्या.

पण भेट लांबवू नका. या पातळीला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, 1000 च्या पुढे तो आणखी वाढतो. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल, सोबत उलट्या असतील, तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांना थेट हॉस्पिटलमध्ये न्या.