कर्ज की अनुदान?

प्रश्न : महापालिकेने एखाद्या नाट्यसंस्थेला जनतेच्या पैशातून कर्ज देणे योग्य आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये पाणी, मलनिस्सारण, रस्ते ही कामे कलम 63 खाली बंधनकारक आहेत, तर कलम 66 खालची कामे ऐच्छिक असल्याने कलेसाठी पैसा द्यायचा की नाही, हे शेवटी अर्थसंकल्पावर आणि सभागृहाच्या इच्छेवर ठरते. अनुदान दिले की ते खर्ची पडते. कर्ज मात्र ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दिसत राहते आणि वसुली थकली, तरी वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय हौशी संस्थेकडे तारण ठेवायला असते काय? रंगवलेले पडदे, भाड्याच्या खोलीतले कपडेपट आणि चार जुने दिवे! म्हणून सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिर या नाट्यगृहाच्या भाड्यात उघड सवलत देणे मला अधिक सरळ वाटते. तरीही कर्ज द्यायचेच असेल, तर ठरावात व्याज, हप्ते आणि जामीनदार स्पष्ट लिहिलेले असावेत. त्या ठरावाची प्रत आपण माहिती अधिकारात मागू शकता. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे.