जाणीव आहे, तयारीही आहे. मग रिकाम्या वर्गातले पंखे का फिरतात?

आपण शाळेत घेतलेल्या प्रश्नावलीत जवळजवळ सर्वच विद्यार्थ्यांनी ‘ऊर्जाबचत आवश्यक आहे’ आणि ‘मी ती करण्यास तयार आहे’ असे लिहिले, तरी मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गांतील दिवे-पंखे सुरूच असतात. तेव्हा जनजागृतीचा आणखी एक कार्यक्रम घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तूर्त घेऊ नये.

‘ऊर्जा वाचवाल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा विद्यार्थी विरळाच. त्यापेक्षा ‘काल वर्गातून शेवटी बाहेर कोण पडले आणि पंखे कोणी बंद केले?’ असे विचारून पाहावे. उत्तरे पुष्कळ वेगळी येतील.

शिवाय जाणीव असली तरी तिला प्रमाणाचे भान असतेच असे नाही. संशोधक शाहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात लोकांनी दिवे बंद करण्यासारख्या उपायांना अधिक महत्त्व दिले आणि मोठ्या उपकरणांचा वीजवापर बराच कमी धरला. हिशेब साधा आहे: मोबाईल न जोडता ०.२ वॉटचा चार्जर वर्षभर लावून ठेवला तर सुमारे पावणेदोन युनिट वीज जाते. १५०० वॉटचा एसी पूर्ण क्षमतेने चालला तर तेवढीच वीज सत्तर मिनिटांत संपवतो. चार्जर काढून ठेवू नये असे नव्हे, पण भित्तिपत्रकावर नेहमी चार्जरच का असतो, हे मला उमगलेले नाही.

मानसशास्त्रज्ञ आइझेक आयझेन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या, माणसाचे वागणे कशावर ठरते हे सांगणाऱ्या ‘नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात’ हेतूबरोबरच ‘ही गोष्ट माझ्या हातात आहे का’ या भावनेलाही स्थान आहे. वर्गातला स्विचबोर्ड पाहावा: एका रांगेत दहा-बारा बटणे, एकावरही खूण नाही, आणि मागचा पंखा बंद करायला गेलेल्या मुलाच्या हातून फळ्यावरचा दिवा जातो. अशा वेळी ओरडा खाल्लेला मुलगा पुन्हा बोर्डाला हात लावत नाही. बटणांवर क्रमांक लिहिणे आणि ती वापरण्याची मोकळीक मुलांना देणे, हे माझ्या दृष्टीने दहा व्याख्यानांहून उपयुक्त आहे.

याच्या जोडीला वापर डोळ्यांना दिसला पाहिजे. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयाच्या वसतिगृहांत २००५ मध्ये झालेल्या दोन आठवड्यांच्या स्पर्धेत वीजवापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला. ज्या वसतिगृहांत तत्क्षणीचा वापर पडद्यावर दिसत होता, तिथे ही घट ५५ टक्के होती. अर्थात स्पर्धेतला उत्साह वर्षभर टिकेल असे गृहीत धरू नये.

आपल्याकडे पडद्याची सोय नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मीटरवरचे आकडे विद्यार्थ्यांनाच टिपायला सांगावे. शाळा बंद असताना किती युनिट जळाले हे कळले की ते कशामुळे, हे मुले स्वतःच शोधू लागतील. ते आकडे फलकावर लावताना कार्यालय आणि शिक्षककक्ष यांतील उपकरणांचीही नोंद ठेवावी. केवळ वर्गांचाच हिशेब मांडला, तर मुलांच्या नजरेतून ते सुटणार नाही.