वाचकांचे प्रश्न : एका कादंबरीवर भागत नाही

प्रश्न : माझ्या दोन प्रणयकादंबऱ्या प्रकाशकांनी परत पाठवल्या आहेत. इंग्रजीतील काही प्रणयकादंबरीकारांच्या नावावर शेकडो पुस्तके असल्याचे वाचले. इतके लेखन ही हौस की व्यवसायाची गरज? आणि मी तिसरी कादंबरी लिहावी का?

उत्तर : बऱ्याच अंशी ती व्यवसायाची गरजच आहे. हार्लेक्विन किंवा मिल्स अँड बून यांसारख्या प्रणयकादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशनसंस्थांच्या मालिकांत दर महिन्याला नवी पुस्तके येतात आणि दुकानांत ती साधारण महिनाभरच मांडलेली असतात. त्यामुळे एका पुस्तकाचे मानधन कितीही वेळेवर आले, तरी त्यावर लेखकाचे फार काळ भागत नाही. इंग्लिश लेखिका बार्बरा कार्टलंड यांची पहिली कादंबरी १९२३ साली आली. पुढे त्या सोफ्यावर पडून सचिवाला मजकूर सांगत आणि १९७६ या एका वर्षात त्यांनी २३ कादंबऱ्या लिहिल्या. (त्यांच्या नायिका एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे मला मात्र कधी जमले नाही.) याउलट जॉर्जेट हेयर यांनी रीजन्सी काळातील (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधील) पोशाख, गाड्या आणि बोलीतील शब्द यांची टिपणे वर्षानुवर्षे जमवली, तुलनेने कमी लिहिले, आणि त्यांच्या कादंबऱ्या आजही छापल्या जातात.

नकाराविषयी अमेरिकी लेखिका नोरा रॉबर्ट्स यांचे उदाहरण सांगतो. १९७९ साली हिमवादळामुळे मुलांसह घरात अडकल्या असताना त्या लिहू लागल्या. हार्लेक्विनने त्यांची हस्तलिखिते नाकारली, कारण त्यांच्याच सांगण्यानुसार, त्या संस्थेकडे एक अमेरिकी लेखिका आधीच होती. १९८० साली सुरू झालेल्या सिलुएट या प्रकाशनसंस्थेला अमेरिकी लेखिका हव्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट्स यांचे पहिले पुस्तक तेथून निघाले. नंतर त्यांचे लेखन प्रकाशकाच्या वेळापत्रकात मावेना, तेव्हा १९९५पासून त्यांनी जे. डी. रॉब हे दुसरे नावही घेतले. तरीही प्रत्येक नकाराचे खापर बाजारावर फोडता येत नाही. आपल्या नायक-नायिकेला वेगळे ठेवणारे कारण केवळ गैरसमजाचे असेल आणि दोघांनी पाच मिनिटे बोलताच ते सुटणार असेल, तर संपादक ते पहिल्या काही प्रकरणांतच ओळखतो.

तिसरी कादंबरी जरूर लिहावी. ती स्वीकारली गेल्यास करारातील एक कलम नीट वाचावे : पुस्तकाची छपाई थांबल्यानंतर त्याचे हक्क लेखकाकडे कधी आणि कसे परत येतात. अनेक प्रणयकादंबरीकारांनी असे परत मिळालेले हक्क वापरूनच आपली जुनी पुस्तके ई-बुक म्हणून स्वतः पुन्हा प्रकाशित केली आहेत.